सातवं पातं

काका माठ घ्यायला आले की नारायणगावच्या बाजारातली माठवाली बाई आधी हात जोडायची. "काका, तुमी उद्या या राव. आज गिऱ्हाइकं हायेत." काका ऐकायचे नाहीत. खिशातून जुना, मोठा रुपया काढायचे, उकिडवे बसायचे आणि रांगेतला एकेक माठ वाजवत पुढे सरकायचे. वीस-बावीस माठ झाल्यावर एक उचलायचे आणि बाईला सांगायचे, "बाकीचं कुणालाबी दे." मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हे ऐकून निघून जायची.

ते सगळंच वाजवायचे. कलिंगड, दाराची फळी, चहाचा कप, एसटीचा पत्रा. मी कामाला होते तिथल्या मालकांनी जुनी पण नव्यासारखी दिसणारी गाडी घेतली, तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी काकांनी तिचं दार वाजवलं. "ह्यात पुट्टी भरलीय. ठोकलेली हाय." खरंच निघालं. मालक आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून हेल्मेट घेतलं, तीन ठिकाणी वाजवलं आणि काही न बोलता परत दिलं. ते चांगलं निघालं की वाईट, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. संध्याकाळी तेच घालून घरी गेले, सगळा रस्ता डोक्याचा विचार करत.

आमचं शेड पिंपळवंडीच्या रस्त्याला होतं. आधी तिथे टोमॅटोची प्रतवारी व्हायची. भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला क्रेट घासल्याच्या लाल-निळ्या रेघा अजून होत्या. मालकांनी टोमॅटो बंद करून तिथे वॉटरजेटचं मशिन बसवलं. पंप पाण्याला प्रचंड दाब देतो, ते पाणी केसाएवढ्या भोकातून सुटतं, त्यात लालसर बारीक रेती मिसळते, आणि ती धार लोखंडसुद्धा कापते. रेतीला गार्नेट म्हणतात. मी कॉम्प्युटरवर आकार काढायचे, धार कुठून कुठे जाईल ते ठरवायचे. काका मशिन चालवायचे. मला खोलीत काचेमागे बसवलं होतं, आणि काचेमागे बसायला मिळालं यात मला आनंद होता. माणसांत मला फार काळ उभं राहवत नाही.

आमचं बरंचसं काम कार्बन फायबरचं. कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक ठेवून रेझिनने चिकटवलेले काळे, कडक तक्ते. करवतीने कापले तर ते तापतात, त्यांची धूळ फुप्फुसात जाते. पाण्याने कापले तर थंड राहतात. धोका एकच. धारेत रेती नसेल, नुसतं पाणीच आलं, तर ते कापण्याऐवजी थरांच्या मध्ये घुसतं आणि थर एकमेकांपासून सुटतात. वरून काही दिसत नाही. कडेला एखादी रेघ आलीच, तर तीही वाळल्यावर मिटते. कॉलेजात आम्ही याला डीलॅमिनेशन म्हणायचो. काका म्हणायचे, पापुद्रा सुटला.

"भाकरीला पापुद्रा सुटला की बाईचं कौतुक," ते नव्या माणसाला सांगायचे, "आन् इथं सुटला की कुणाचा तरी पाय मोडला."

पाय, कारण आम्ही पाय कापायचो. कृत्रिम पायाच्या तळव्यात बसणारी कार्बनची पाती. पुण्याहून एक गृहस्थ यायचे, गुडघ्याखालचे पाय बनवणारे. शेडमध्ये त्यांना सगळे पायवाले म्हणत. माणसाचं सगळं वजन दर पावलाला त्या पात्यावर येतं आणि ते वाकून परत सरळ होतं. पापुद्रा सुटलेलं पातं एक दिवस वाकतं आणि सरळ होत नाही.

काका मूळचे मढ गावाकडचे. तिकडे त्यांची भाताची खाचरं होती. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, ते आठ दिवस जायचे म्हणजे जायचेच, मशिनवर काहीही लागलेलं असो. परत यायचे ते पावसाळी हवेला शिव्या देत, कारण हवेतल्या ओलीने गार्नेट नळीत अडकायचं. त्यावर त्यांचा स्वतःचा उपाय होता. शेडच्या मागे तीन दगडांची चूल आणि लोखंडी कढई. त्यात ते गार्नेट भाजायचे, फुटाणेवाला रेती भाजतो तसं, लांब उलथन्याने हलवत. रेती हातातून सुळकन निसटली की झाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस शेंगदाणे भाजतोय. बाहेरचं कोणी आलं की मला त्या कढईची लाज वाटायची. मी इंटरनेटवर शोधलं, गार्नेट वाळवायचं यंत्र मिळतं का. मिळत होतं. मालकांना दाखवलं. मालक म्हणाले, "हे यंत्र काय करतं?" मी म्हटलं, "गरम करतं." मालकांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

काका कानात बोळे घालायचे नाहीत. मशिनचा आवाज असा की माझ्या काचेतून आला तरी दाताला लागायचा. मालकांनी नारिंगी बोळ्यांचा डबाच आणून ठेवला होता. "कान बंद केलं तर मशिन बोललेलं कळंल कसं?" काका म्हणायचे, आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं. रेतीसकट धार असली की जाड, खरखरीत आवाज येतो. रेती थांबली की तीच धार शिट्टी वाजवते. जुने लोक सांगत, शिट्टीचं पहिलं टोक निघायच्या आत काकांचा हात लाल बटणावर असायचा.

मला मात्र त्यांनी कधी नीट उत्तर दिलं नाही. मी विचारायचे, "काका, तक्ता किती जाडीचा लावलाय?" ते म्हणायचे, "जेवले, जेवले." किंवा पुढे निघून जायचे. माझा आवाज बारीक आहे. शाळेत प्रत्येक बाई "लाउडर" म्हणायच्या आणि मी आणखी गप्प व्हायचे. मी समजले की इंग्रजी शाळेतून आलेली, काचेमागे बसणारी मुलगी या माणसाला आवडत नाही. ठीक आहे. मलाही ते आवडायचे नाहीत.

न आवडण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही.

पाती कापून, धुऊन, वाळवून झाली की काका ती टेबलावर मांडायचे आणि मला हाक मारायचे. "पोरी, ये. समोर उभी राहा." मी टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या बरोबर समोर उभं राहायचं. उजेडासाठी की नोंदीसाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी धुळीसाठी स्कार्फ बांधलेला असायचा. "तोंडावरचं काढ." मग ते रुपयाने पातं वाजवायचे. टोकाला, मध्ये, टाचेला. चांगलं पातं टणटणीत वाजतं. सुटलेलं बद्द वाजतं, ओल्या लाकडासारखं. काका "पास" म्हणायचे नाहीतर पातं खाली टोपलीत टाकायचे. कधी चुकायचे नाहीत. पण वाजवताना ते पात्याकडे बघायचे नाहीत. माझ्या तोंडाकडे बघायचे. पापणी न हलवता.

वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे. हात टेबलापलीकडे कधी आला नाही, तोंडातून वावगा शब्द कधी गेला नाही. नुसतं बघणं. तक्रार करायची तर काय करायची? मी आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती थांबली आणि म्हणाली, "सोडून दे. घरी बस." मला घरी बसायचं नव्हतं. घरी बसले असते तर पुढच्याच महिन्यात कोणीतरी मला बघायला आलं असतं.

म्हणून मी दुसरा मार्ग काढला. मी तोंड दगडाचं केलं. आरशासमोर सरावच केला म्हणा ना. टेबलापाशी उभी राहायचे, भिंतीवरच्या क्रेटच्या एका निळ्या रेघेवर नजर लावायचे आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत काहीही हलू द्यायचे नाही. आठवड्याभरात मला ते छान जमायला लागलं. काका बघत राहायचे आणि म्हणायचे, "पास. पास. पास." टोपली रिकामी राहायला लागली. मालक खूश झाले.

तो दिवस श्रावणातला. तीन दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. पायवाले सकाळीच येऊन बसले होते, कारण बारा पात्यांतलं एक त्यांना त्याच दिवशी हवं होतं.

"घोडेगावला बाई थांबल्यात," ते मालकांना सांगत होते. "भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातल्या. घाटात जीप उलटली तेव्हा पाय गेला. वरचा साचा तयार आहे, नुसतं पातं जोडायचं. मला म्हणाल्या, आवणीला मी बांधावर बसून व्हते, कापणीला न्हाई बसायची. आज पाय लावून घरी जाणार त्या. गाडी जाते तिथून पुढे तासभर चढ आहे."

काकांनी गार्नेट भाजलं होतं. पण हवाच अशी ओली की भरलेल्या डब्याचं झाकण उघडेपर्यंत ते पुन्हा दमट व्हायचं. मी खोलीतून पडद्यावर धार पुढे सरकताना बघत होते. सहावं पातं कापून झालं, सातवं सुरू झालं. टाचेच्या वळणावर आवाज बदलला. खरखर गेली आणि शिट्टी आली. दोन सेकंद, फार तर तीन. मग रेती सुटली असावी, खरखर परत आली.

मी मान वर केली. काका मशिनपाशी उभे होते. त्यांचा हात लाल बटणापासून वीतभर लांब होता आणि तो हलला नव्हता. ते शांतपणे पाण्याकडे बघत होते. माझ्याही खोलीत बंद करायचं बटण होतं. मी ते दाबलं नाही. मनात आलं, ज्या माणसाला माठातला तडा ऐकू येतो, त्याला हे ऐकू आलंच असणार. टाकतील बाजूला.

मग टेबल. "पोरी, ये. समोर उभी राहा." पायवाले शेजारी, मालक मागे, हातात चहा. मी निळ्या रेघेवर नजर लावली. सहावं टणटणीत वाजलं. सातव्याचं टोक चांगलं वाजलं, मध्य चांगला वाजला. टाच बद्द वाजली.

मला स्पष्ट ऐकू आलं. चेहरा मात्र मी हलू दिला नाही.

"पास," काका म्हणाले.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी स्वतःला सांगितलं, तुला चुकीचं ऐकू आलं. तू कोण, दीड वर्षाची नोकरी. बाराही पाती पायवाल्यांनी कापडात गुंडाळली, चहा संपवला, मालकांशी हात मिळवला. त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी काचेमागे येऊन बसले होते. पडद्यावर सातव्या पात्याचा आकार अजून होता. टाचेचं वळण मीच काढलं होतं.

किती वेळ बसले कोण जाणे. दहा मिनिटं, पंधरा. मग उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. काका छपराखाली कढईपाशी बसले होते, माझ्याकडे पाठ करून.

"काका," मी म्हटलं. "ते सातवं पातं."

त्यांनी उलथनं फिरवलं.

"काका, सातव्या पात्याची टाच बद्द वाजली."

काही नाही. मला राग आला. दीड वर्षाचा राग आला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि हा माणूस मला मान वळवून बघायचीही तसदी घेत नव्हता. मी ओरडले. आयुष्यात तशी कधी ओरडले नव्हते.

"सातवं पातं बद्द वाजलं, काका!"

काका दचकून उठले. उलथनं चुलीत पडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसंच, पापणी न हलवता, आणि यावेळी मी चेहरा लपवला नव्हता.

"मंग तुझं तोंड का न्हाय बोललं?" ते म्हणाले.

मला काही कळेना. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग खाली बघून, भराभर, एकदाच सांगून मोकळं व्हावं तसं ते बोलले.

"मला बारीक आवाज न्हाय येत, बाय. जाडा येतो. पंप ऐकू येतो, गाडी ऐकू येती. शिट्टी न्हाय येत. रुपया न्हाय येत. तू आलीस तवा थोडं थोडं यायचं, मंग तेबी गेलं. पयल्या महिन्यातच मी बघितलं, बद्द वाजलं की तुझी डावी भुवई हालती. तुला ठावं न्हाय. दर टायमाला हालती. मंग मी पात्याकडं बघायचंच सोडलं." ते थांबले. "गेल्या पंधरा दिसांत एकदाबी न्हाय हालली. मला वाटलं, समदी पाती बेस निघत्यात."

चुलीतल्या उलथन्याचा लाकडी दांडा जळायला लागला होता. दोघांनीही तो काढला नाही.

मी तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "किती वेळ झाला त्यांना जाऊन?" मी बोटांनी दाखवलं. काका आत गेले. मी मागोमाग.

मालक फोनवर होते. काकांनी त्यांच्या समोर जाऊन हात जोडले. "मालक, मला ऐकू येत न्हाय."

मालक हसले. "काय काका, आज मस्करी का?"

"एक पातं फुगलेलं गेलंय. त्या डोंगरातल्या बाईला जाईल. गाडी काढा."

मालकांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मला अजून दिसतो. "किती दिवस ऐकू येत नाही?"

"वरीस झालं आसंल."

"वर्षभर तुम्ही पाती पास करताय?"

"मी कुठं? ही करत व्हती," काका माझ्याकडे हात करून म्हणाले. "हिला ठावं नव्हतं."

पायवाल्यांचा फोन वाजत होता आणि ते उचलत नव्हते. मालक एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने पुन्हा पुन्हा लावत होते. मग तो फोन त्यांनी मागे माझ्याकडे फेकला आणि मी लावत राहिले. कळंबच्या पुढे कांद्याचे ट्रक रांगेने थांबलेले. वायपर पाणी सारायचे, पाणी परत यायचं. काका पुढच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसले होते.

"खाचराचा बांध," ते मधेच म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. "दोन्ही पाय धड असलेली माणसं घसरत्यात."

मग मागे न वळता त्यांनी मोठ्याने विचारलं, "दगड का झालीस?"

मालकांच्या समोर. मी खिडकीबाहेर पाहिलं. हळू बोलले तर त्यांना ऐकू जाणार नव्हतं, आणि मोठ्याने बोलले तर मालकांना ऐकू जाणार होतं. मी मोठ्याने बोलले.

"तुम्ही बघत होता म्हणून!"

आरशात मालकांचे डोळे माझ्याकडे आणि मग काकांकडे गेले. काकांची मान खाली गेली. मंचर येईपर्यंत ती वर आली नाही. घोडेगावच्या फाट्याला गाडी वळली तेव्हा ते म्हणाले, "माझी चूक हाय. सांगायला पायजे व्हतं. पोरीच्या जातीला काय वाटंल, हे डोक्यातच न्हाय आलं."

मी फोन लावत राहिले.

घोडेगावला पायवाले पाय जोडून द्यायचे त्या हॉलमध्ये आम्ही शिरलो तेव्हा बाई चालत होत्या. चाळिशीच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डाव्या साच्याच्या खाली आमचं काळं पातं. दोन बाकांच्या मध्ये, हात न लावता. त्यांचा नवरा भिंतीशी चपला हातात घेऊन उभा होता, जणू त्या चालत असताना आपण चपला घालणं बरोबर नाही. बाई वळल्या, परत आल्या, टाच जमिनीवर जोराने आपटली आणि हसल्या. टाच आपटली तशी मी डोळे मिटले.

मालकांनी पायवाल्यांना बाजूला घेतलं. दोनच वाक्यं झाली असतील. पायवाले सरळ बाईंकडे गेले. "ताई, बसा जरा. पाय काढायचाय."

"आता न्हाई काढायची," बाई म्हणाल्या. "आत्ताच तर लावला."

"तपासायचंय फक्त."

"मी तपासला की. चांगला हाय."

तेव्हा काका पुढे झाले आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसले. "आक्का, मी मढचा. आमचीबी खाचरंच हायेत. ह्यो पाय मी कापलाय. माझ्यावर इस्वास नको ठिवू. काढ."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बाकावर बसल्या.

पातं सुटं झालं. पायवाल्यांनी उरलेली अकराही कापडावर मांडली. काकांनी रुपया काढला. मी सवयीने त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती, सगळी आमच्याकडे बघत होती.

काका बसल्या जागी फिरले. माझ्याकडे पूर्ण पाठ केली.

"आता बोल," ते म्हणाले.

पहिलं वाजवलं. टणटणीत. "चांगलं," मी म्हटलं. काकांनी मान हलवली, ऐकू नाही आलं म्हणून. "चांगलं!" दुसरं चांगलं. तिसरं. माझा आवाज हॉलच्या पत्र्यावर आपटून परत यायचा आणि मला तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटायचा. अकराही चांगली निघाली. शेवटी त्यांनी बाईंच्या पायाचं पातं घेतलं. टोक. "चांगलं!" मध्य. "चांगलं!"

टाच.

"बद्द!" मी ओरडले. "हेच आहे!"

काकांनी परत वाजवलं नाही. पायवाल्यांकडून पातळ सुरी मागितली, टाचेच्या कडेवर ठेवली आणि तळहाताने एकदा दाबली. सुरी आत गेली, ताज्या भाकरीत जावी तशी. वरचा थर उचलला गेला आणि त्याच्या आतून पाण्याचे दोन थेंब बाहेर आले.

बाई वाकून बघत होत्या. "ह्याच्यावर मी घरी गेली असते?"

त्यांच्या नवऱ्याने चपला खाली ठेवल्या.

अकरांतलं पहिलं पातं त्यांना बसलं. अर्ध्या तासाने त्या पुन्हा उठल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत, हळूहळू चालल्या, आणि माझ्यापाशी आल्यावर थांबल्या. "तू आईक," म्हणाल्या, आणि टाच आपटली. जोडलेल्या पायाचं तसं काही कळत नाही. तरी मी कान देऊन ऐकलं आणि मोठ्याने म्हटलं, "चांगलं आहे."

त्या पंधरा दिवसांतली सगळी पाती पायवाल्यांनी परत मागवली. कोणाकोणाच्या पायातून काढून आणली. आणखी एक बद्द निघालं, आणि ते वाजलं होतं तेव्हाही मी तिथेच उभी होते. ही गोष्ट मला अजून टोचते. मालकांनी रेतीच्या नळीला दिवा बसवला, रेती थांबली की लाल होणारा आणि मशिन बंद करणारा. काकांना त्यांनी काढलं नाही. काका रेती भाजायचे, पाती वाजवायचे, माझ्याकडे पाठ करून, आणि मी "चांगलं" नाहीतर "बद्द" ओरडायचे. आता ते बोळे घालायचे, दोन्ही कानांत, सगळ्यांना दिसतील असे. नव्या माणसाने घातले नाहीत तर त्याच्या कानात स्वतः कोंबायचे. माझ्याकडे त्यांनी पुन्हा कधी रोखून पाहिलं नाही. बोलायचं असलं तरी भिंतीकडे बघून बोलायचे. त्याचंही मला वाईट वाटायला लागलं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

भात कापणीला ते मढला गेले ते परत आले नाहीत. कढई इथेच आहे.

रविवारी मी त्यांना फोन लावते. घरात बोलता येत नाही, म्हणून अंगणात जाते. तिथूनही आळीभर ऐकू जातं. पहिल्यांदा आई धावत बाहेर आली होती, कोणाशी भांडतेय म्हणून. काका आधी विचारतात, किती पाती झाली, किती फुगली. परवा मी जोर लावून सांगितलं, "अठ्ठावीस झाली, काका! एकही नाही!"

मग त्यांचा तो डोंगरातला, सगळ्या शेडला पुरून उरणारा आवाज आला.

"वरडतीस कशाला, बाय? मी काय बहिरा हाय?"